शून्य कुणात धरायचं

"मादाम, मग शून्याचं काय?"

तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं हात वर करून एवढंच विचारलं आणि तसादितचा खडू फळ्याला टेकला होता तिथेच राहिला. विचारण्यात खोच नव्हती. शेजारणीनं वाटीभर मीठ मागावं इतक्या सरळपणे विचारलं होतं, आणि तेही इंग्रजीत. तसादितनं फळ्यावरचं आपलंच वाक्य पुन्हा वाचलं. कुठल्याही संख्येचा वर्ग धन असतो. अल्जियर्सच्या या जुन्या विद्यापीठात, याच उतरत्या बाकांच्या सभागृहात, गणिताच्या पहिल्या वर्षाचा पहिला तास ती तीसेक वर्षं याच वाक्यानं सुरू करत आली होती. ते म्हणून ती थोडी थांबायची, मुलांकडे बघायची आणि म्हणायची, "या वाक्याशी आजवर कुणी भांडलेलं नाही. पुढे भांडायला पुष्कळ मिळेल." मग हशा व्हायचा आणि वर्ष सुरू व्हायचं. पण ते सगळं फ्रेंचमध्ये. आता सरकारनं ठरवलं होतं की विज्ञानाचे विषय हळूहळू इंग्रजीत न्यायचे, आणि सुरुवात पहिल्या वर्षापासून. म्हणून तिनं ते वाक्य जसंच्या तसं उचलून इंग्रजीत ठेवलं. फ्रेंच लोक शून्याला धनातही धरतात आणि ऋणातही. इंग्रज कशातच धरत नाहीत. शून्याचा वर्ग शून्य, म्हणजे इंग्रजीच्या हिशेबानं धन नाहीच. फ्रेंचमध्ये उभा जन्म खरं ठरलेलं वाक्य समुद्र ओलांडून गेलं आणि किनाऱ्याला लागता लागता खोटं झालं. आणि हे तिला, गणिताच्या प्राध्यापिकेला, कळलं नाही! वाचलेलं होतं, ठाऊकही होतं कुठेतरी. पण तोंडाला सवय एका वाक्याची, आणि सवय कसली विचार करते?

ती थिजली. नेमकी यावरच पैज लागली होती. कालच दुपारी, स्वयंपाकघरात, ती फरसबीच्या शिरा काढत होती आणि तिचा नवरा बुअलेम खिडकीत उभा राहून बंदराकडे बघत होता. बंदरातली नोकरी संपून त्याला दोन वर्षं झाली तरी येणाऱ्या प्रत्येक जहाजाची चौकशी केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तिगझिर्तला समुद्रावर त्यांचं छोटं घर आहे, मागे थोडी जमीन. तिथे लिंबं लावायची आणि उरलेलं आयुष्य सावलीत काढायचं असा त्याचा बेत, आणि बेतात एकच अडसर म्हणजे बायकोची नोकरी. "अगं, तुझं वय झालं, माझंही झालं," तो म्हणाला. "सरकार स्वतःच्या हातानं दार उघडून देतंय, तर तू चौकट धरून बसलीस. इंग्रजीत शिकवणार म्हणे! तू झोपेत बडबडतेस ती तुझ्या डोंगरातल्या कबाईलीत, भांडतेस अरबीत, आणि शिव्या द्यायच्या झाल्या की फ्रेंच. इंग्रजीत काय करणार आहेस?" "शिकवणार आहे," ती म्हणाली. "ठीक आहे. उद्या पहिल्याच प्रश्नाला तुझी बोबडी वळली, तर निवृत्तीचा अर्ज द्यायचा आणि माझ्याबरोबर चालायचं. कबूल?" "कबूल," ती म्हणाली आणि फरसबी मोडत राहिली. इतक्या सहज कबूल करण्यात तिची एक लबाडी होती. पहिल्या तासाला कुणी प्रश्न विचारत नाही. तीस वर्षांत एकानंही विचारला नव्हता.

आणि आता सगळ्यांत वरच्या बाकावर फ़ुदील बसला होता. तिचा जुना सहकारी, यंदाच निवृत्त झालेला. "तुझं बारसं बघायला येतो," असं म्हणून तो आला होता आणि मुलांच्या मागे, भिंतीला पाठ टेकून, हाताची घडी घालून मजेत बघत होता. इतक्या लांबून त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण मिशी हलताना दिसत होती. उन्हाळ्यात भाषाकेंद्राच्या वर्गात दोघं शेजारी बसायचे. वीस-बावीस प्राध्यापक, कुणाला मधुमेह, कुणाला गुडघे, आणि समोर शिकवायला सेरीन नावाची मुलगी, तसादितच्या धाकट्या सुनेहून लहान. फ्रेंचमध्ये 'विचारणं' म्हणायला जो शब्द आहे तोच इंग्रजीत गेला की 'मागणी' होतो, हे फ़ुदीलला काही केल्या लक्षात राहायचं नाही. "मी तुमच्याकडे एका प्रश्नाची मागणी करतो," तो उभा राहून म्हणायचा. "सर, मागणी करू नका, नुसतं विचारा," सेरीन लाजून म्हणायची. एकदा त्यानं हात जोडले. "पोरी, या देशात जन्मभर मी मागण्याच करत आलो आणि एकही मंजूर झाली नाही. आता विचारून बघतो." सगळा वर्ग हसला. पण दुसऱ्या आठवड्यात त्यानं वही मिटली. कँटीनमध्ये काचेच्या पेल्यातली कॉफी ढवळत म्हणाला, "तसादित, अरबीनं मला नमाज शिकवली, फ्रेंचनं गणित, आणि बायकोनं गप्प बसणं. चौथं काही आता आत मावायचं नाही. तू शीक. तुला हौस आहे."

हौस होती का? शब्दांची तिला भीती नव्हती, शब्द येतात. भीती वेगळी होती आणि ती तिनं बुअलेमलाही सांगितली नव्हती. फ्रेंचमध्ये ती शिकवायची तेव्हा शेजारच्या विभागातली पोरंसुद्धा ऐकायला येऊन बसत, कारण मादाम हसवतात. एखादी सिद्धता अडली की ती असं काही बोलायची की मुलं हसता हसता पुढची पायरी स्वतःच चढायची. इंग्रजीत तिच्याजवळ सिद्धता होत्या, विनोद एकही नव्हता. महिनाभर ती आरशासमोर उभी राहून तास पाठ करत होती आणि आरशातली बाई अगदी बरोबर बोलत होती, मीठ न घातलेल्या शोरब्यासारखं. ही बाई वर्गात गेली आणि कायमची राहिली, तर मग माझं काय? तिगझिर्त वाईट नव्हतं. पण या आरशातल्या बाईपुढे हार मानून तिगझिर्तला जायचं म्हणजे आपण तीस वर्षं जे होतो ते फक्त एका भाषेमुळे होतो, असं कबूल करणं. ते तिला सोसणारं नव्हतं.

भाषा काय, बदलतच आल्या होत्या. सभागृहाच्या दारावर फ्रेंचांनी दगडात कोरलेलं नाव होतं. स्वातंत्र्यानंतर त्यावर अरबी पाटी बसली, आणि गेल्या महिन्यात तिच्याखाली इंग्रजी अक्षरांची चकचकीत पट्टी चिकटवली गेली. दगडातलं नाव कुणी खोडलं नाही, कुणी वाचतही नाही. मध्येच एका सरकारला वाटलं की वर्ष फार लांब असतं, मग वर्षाचे दोन तुकडे झाले, पदव्यांची नावं बदलली, गुणांच्या जागी आणखी काहीतरी आलं. दर सुधारणेला सभा झाल्या, भाषणं झाली, फ़ुदील दर वेळी म्हणाला, "आता विद्यापीठ बुडालं," आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तास घ्यायला हजर झाला. आवारातलं फिकसचं झाड वाढत राहिलं. त्याखालची प्रेमप्रकरणं तेवढी कुठल्याही परिपत्रकाला जुमानली नाहीत.

आणि ती स्वतः? कबाईलीच्या डोंगरातल्या गावात आई कोंबडीची अंडी मोजायची. कबाईलीत एक आणि दोन एवढेच आकडे घरचे. तिनापासून पुढचे सगळे अरबीतून आणलेले. लहानपणी तिला हे कळलं तेव्हा फार अपमान वाटला होता. "आपल्याला फक्त दोनपर्यंतच मोजता येतं, आई?" आईनं टोपली खांद्यावर घेतली. "दोनापर्यंत आपलं, पुढचं शेजाऱ्याचं. शेजारी चांगला असला की झालं." शाळेत अरबी. समीकरणंसुद्धा अरबी अक्षरांत, उजवीकडून डावीकडे चालणारी, आणि त्यात ती जिल्ह्यात पहिली. मग अठराव्या वर्षी अल्जियर्स, हेच विद्यापीठ, हेच सभागृह. फळ्यावर समीकरण डावीकडून निघालं आणि तिला वाटलं, प्राध्यापक उलटे लिहितायत. फ्रेंचमध्ये ब्याण्णव म्हणायचं तर गावाकडच्या म्हाताऱ्या विसा मोजतात तसं चार विसा आणि बारा. तेही जमलं. जमला नाही एकच शब्द. प्राध्यापक प्रत्येक सिद्धतेच्या सुरुवातीला म्हणायचे, 'क्ष ही संख्या असो.' फ्रेंचमधल्या त्या 'असो'चा दुसरा अर्थ होतो 'एक तर', आणि तिला तेवढाच अर्थ ठाऊक. एक तर क्ष ही संख्या... ती लेखणी उचलून वाट बघायची. एक तर हे, नाहीतर? नाहीतर काय? ते 'नाहीतर' कधी आलंच नाही. सिद्धता संपायची, फळा पुसला जायचा, आणि ती प्रत्येक वेळी वहीत अर्धी जागा मोकळी सोडायची, आपल्याला ऐकू न आलेल्या दुसऱ्या अर्ध्यासाठी. अर्धं वर्ष तसंच गेलं. आजूबाजूची शहरी मुलं फटाफट लिहीत होती, म्हणजे त्यांना ते ऐकू येत असणार. हात वर करून विचारावं असं रोज वाटायचं. कुठल्या भाषेत विचारायचं? विचारायचा प्रश्न फ्रेंचमध्ये मांडता मांडता तास संपून जायचा. शेवटी एका मैत्रिणीला तिनं वहीतल्या मोकळ्या जागा दाखवल्या आणि ती मैत्रीण इतकी हसली की हसता हसता जिन्यात बसली.

त्या गोष्टीचं तिला आता हसू येतं, वर्गात तिनं ती कितीदा सांगितली आहे. पण आत्ता, खडू हातात धरून उभी असताना, हसू आलं नाही. दुसरंच काही लख्ख दिसलं. तीस वर्षं तिच्या पहिल्या वाक्याशी कुणी भांडलं नाही, याचा तिला केवढा अभिमान! आणि वरच्या बाकांवर दर वर्षी कोण बसत होतं? वाळवंटातल्या तुग्गुर्तची, अद्रारची, नाहीतर डोंगरातली मुलं, शाळा अरबीत झालेली, तोंडात फ्रेंच धड न आलेली. ती मुलं गप्प बसली आणि तसादितला वाटलं, वाक्य पटलं. कुणी तेव्हाही मनात म्हणालं असेल, शून्याचं काय? आणि प्रश्न मांडता मांडता तास संपला असेल. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. आणि त्याच क्षणी तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीवर, जिचं नावही तिला माहीत नव्हतं, तिचा असा काही जीव जडला की ती फळ्याकडे पाठ करून वळली.

"तुझं नाव?"

"रुमैसा."

"कुठची?"

"तुग्गुर्त, मादाम." मुलगी आता घाबरली होती. मादाम इतका वेळ बोलल्या नव्हत्या, सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. ती अरबीत घाईघाईनं बोलू लागली, "माफ करा मादाम, शाळेत आम्हाला शून्य धनच शिकवलं. पण मी व्हिडिओ बघून इंग्रजी शिकले, त्यात तो माणूस म्हणतो की शून्य धन नाही. मग मला वाटलं, तुम्ही इंग्रजीत म्हणताय म्हणजे..."

"म्हणजे इंग्रजी शून्य," तसादित म्हणाली. "बरोबर. हे वाक्य चुकलं आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा चुकलं, आणि तू पकडलंस."

सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी शिट्टी मारता मारता आवरली. तिनं फळ्यावर एक मोठं शून्य काढलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. पुढचं तिनं ठरवून म्हटलं नाही. आरशासमोरही म्हटलं नव्हतं. "फ्रेंचांकडे याचे दोन पासपोर्ट होते," ती म्हणाली. "धनाचा एक, ऋणाचा एक. दोन्हीकडे जा-ये, कुणी अडवत नव्हतं. आज सकाळी हे बिचारं इंग्रजांच्या दारात गेलं." ती थांबली. "व्हिसा नाकारला."

मग सगळं सभागृह एकदम फुटलं. ज्या शहरात प्रत्येक घरात एकाचा तरी व्हिसा नाकारला गेलेला असतो, तिथे हा विनोद समजायला कुठलीच भाषा लागत नाही. बाकं बडवली गेली. मागून कुणीतरी ओरडलं, "मादाम, कागदपत्रं अपुरी होती का?" दुसरा म्हणाला, "अरे, त्याचा चुलतभाऊ फ्रान्समध्ये मार्सेलला आहे, त्याला विचारा!" आणि वर, भिंतीला टेकलेला फ़ुदील डोळे पुसत होता. आपण हे इंग्रजीत म्हटलं, हे तिच्या ध्यानात आलं ते हशा ओसरू लागल्यावर. आरशातली बाई कुठे गेली होती कोण जाणे.

मग वर्ग भांडायला लागला. शून्याला दोन्हीकडे धरणं सोयीचं की कुठेच न धरणं? एका मुलाचं म्हणणं, जे कुठल्याच बाजूचं नाही ते दोन्ही बाजूंचं कसं? दुसरीचं म्हणणं, सीमेवरचं गाव दोन्ही देशांचं असतं, तिच्या आजीचं गाव तसंच आहे. कुणी अरबीत बोललं, कुणी फ्रेंच घालून, कुणी व्हिडिओतल्या इंग्रजीत. एकानं 'विचारतो'च्या जागी 'मागणी करतो' म्हटलं आणि वरून फ़ुदीलचा आवाज गडगडला, "मंजूर!" तसादितनं जुनं वाक्य पुसलं. नव्या वाक्यात लिहिलं की कुठल्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो. इंग्रजीत हेच म्हणावं लागतं, 'ऋण नसलेला'. ज्याचं चांगलं काही सांगता येत नाही त्याला 'वाईट नाही' म्हणावं तसं. हेही ती बोलून गेली, आणि त्यावरही हशा झाला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा तिच्या आखलेल्या पाठातला दहावा हिस्सासुद्धा झाला नव्हता. मुलं उठली, वह्या गोळा होऊ लागल्या, आणि रुमैसाचा हात पुन्हा वर.

"मादाम, शाळेतलं शून्य कुणीतरी धन करून ठेवलं आणि व्हिडिओतलं नाही. पण हे ठरवतं कोण? सरकार?"

उठलेली मुलं थांबली. काही हसली. रुमैसा हसत नव्हती. तसादितनं उत्तरासाठी तोंड उघडलं. एक उत्तर तयार होतं, परंपरा, संकेत, सोय, हे सगळं तिनं वाचलेलं होतं. ते जिभेवर आलं आणि तिला ते खोटं वाटलं. खोटं नाही, अर्धं. उरलेला अर्धा भाग तिच्यापाशी नव्हता.

"रविवारी सांगते," ती म्हणाली. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर आठवडा रविवारीच सुरू व्हायचा.

सभागृह रिकामं व्हायला वेळ लागला. फ़ुदील पायऱ्या उतरून खाली आला, गुडघ्यावर हात ठेवून. "शेजारच्या विभागातली मुलं दारात उभी राहून ऐकत होती, बघितलंस?" तो म्हणाला. तिनं बघितलं नव्हतं. "रविवारी मी लवकर येतो. मागे जागा मिळायची नाही." मग तिच्याकडे न बघता, "व्हिसा नाकारला! मला का नाही सुचलं गं हे कधी?" आणि तो स्वतःशीच हसत, काठी नसतानाही काठी टेकल्यासारखा चालत, बाहेर पडला.

ती बाहेर जिन्यात आली. खाली उपसागर उन्हात चमकत होता, नांगरलेली जहाजं आपापल्या जागी. तिनं बुअलेमला फोन लावला. तो मासळीबाजारात होता, मागे विक्रेते ओरडत होते.

"काय? वळली का बोबडी?" त्यानं ख्यालीखुशाली न विचारताच सुरुवात केली.

"वळली," ती म्हणाली. "पहिल्याच प्रश्नाला. चांगली वळली."

"अगं, मग..." त्याच्या आवाजात आनंद होता, आणि तो तिच्यापासून लपवायची खटपटही होती. चांगला माणूस होता बुअलेम, पैज जिंकूनही त्याला तिचंच वाईट वाटत होतं. "मनाला लावून घेऊ नकोस हं. तीस वर्षं झाली, पुष्कळ झालं. अर्ज आजच देतेस का?"

"देत नाही."

"म्हणजे? शब्द दिला होतास तू!"

"हरले मी, कबूल. हरल्याबद्दल तू काय हवं ते बोल, जेवताना ऐकून घेईन. पण अर्ज नाही. रविवारी एका पोरीला उत्तर द्यायचंय."

"काय उत्तर?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही?" त्यानं विचारलं. फोन त्यानं दुसऱ्या कानाला लावला असावा. "माहीत नाही, आणि एवढी खूश होऊन सांगतेस?"

"आजवर सगळं माहीत होतं रे," तसादित म्हणाली. "तेच जड झालं होतं."